बाकावरची बाई

गेल्या अंकात मी माझ्या मंगळवारच्या फेऱ्यांबद्दल दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी इचलकरंजीची. मालक सूतगिरणीत होते. 1991 च्या पावसाळ्यात छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. मी 29 वर्षांची, पदरात दोन पोरं, शिक्षण मॅट्रिक. पुढं एका पतपेढीत चिकटले आणि 26 वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसले. निवृत्त झाल्यापासून नवरा गेलेल्या बायकांची कागदपत्रं लावायला मदत करते. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँका बंद, सोमवारी गर्दी, म्हणून मंगळवार धरलाय.

पत्रं वेगवेगळी असली तरी विचारणं एकच आहे: आपण जे भोगलं ते दुसऱ्याच्या कामी कसं आणायचं? चार पत्रं घेते.

काकू, माझे मिस्टर 2021 मध्ये कोविडनं गेले. पीएफ, विमा, बँक, वारस नोंद यात माझं दीड वर्ष गेलं. आता आमच्याच गल्लीतल्या 32 वर्षांच्या मुलीचा नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला. अठरा दिवस झाले. तिच्यापुढं काय वाढून ठेवलंय ते मला दिसतंय, पण जायला पाय उचलत नाही. काय बोलू? आणि माझ्या सासूबाई म्हणतात, ‘तू पांढऱ्या पायाची, इतक्यात तिच्या दारात जाऊ नकोस.’
— एक वाचक, संगमनेर

ताई, तुमच्या पत्राचं उत्तर मी फोनवर आधीच दिलं, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. अपघात असला की दवाखान्यातून नोंद जाते सहसा, पण तिथं नाव कसं लिहिलंय ते कोणीतरी बघायला हवं. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं झालं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तीच अडचण. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच घ्यायच्या, हेही बोललोच आपण.

आता राहिलेलं लिहिते.

सासूबाईंच्या पांढऱ्या पायाचं आधी. आमच्या शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठरावानं लगेच सगळ्यांची मनं बदलली असं मी म्हणणार नाही, मी त्या भागात फिरते. पण ‘आमच्यात असंच असतं’ म्हणणाऱ्याला ‘हेरवाडात आता नसतं’ एवढं तरी म्हणता येतं. तेवढं म्हणा आणि डबा घेऊन निघा. रिकाम्या हातानं जाऊ नका. डबा असला की दारात उभं राहायला कारण असतं आणि तो परत न्यायला पुन्हा जाता येतं.

गेल्यावर आधी त्या मुलीच्या सासूजवळ बसा. पोटचा पोर गेलाय तिचा. आणि व्यवहाराचं म्हणाल तर, हिंदू वारसा कायद्यात मयताची बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. ती म्हातारीही वारस आहे. तिच्या सह्या लागणार आहेत. तिला वगळून सुनेच्या कानात कुजबुजायला लागलात तर दोन दिवसांत तुमच्यावर दार बंद होईल, आणि ते रास्तच म्हणायला पाहिजे.

स्वतःची गोष्ट सांगू नका. हे मी चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात एका पोरीकडं गेले आणि ‘मी पण यातनं गेलेय गं’ म्हणून सुरू झाले ती तासभर. 1991 चा पाऊस, पोरांची शाळा, दिरांचं वागणं, सगळं आलं त्यात. बोलता बोलता माझाच गळा दाटला. शेवटी तीच उठली, मला पाणी आणून दिलं आणि पाठीवर हात फिरवत बसली. नवरा जाऊन बारा दिवस झालेली ती पोर माझं सांत्वन करत होती. घरी येताना रिक्षात माझी मला लाज वाटली.

गोष्ट नाही सांगायची, मग काय सांगायचं? जिथं ठेच लागली तेवढी जागा दाखवायची. माझी सगळ्यात मोठी ठेच अशी: चौदाव्या दिवशी दीर म्हणाले, ‘वारस नोंद करायचीय, तालुक्याला चल.’ गेले. दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे रजिस्ट्रारच्या कचेरीत पाच ठिकाणी सह्या केल्या. ते हक्कसोडपत्र होतं, हे आठ महिन्यांनी सातबाऱ्यावर माझं नाव दिसलं नाही तेव्हा कळलं. पोरं अठराच्या आतली होती, त्यांचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नव्हता, म्हणून तेवढा राहिला. माझा गेला. आता मी नव्या बाईला यातलं काहीच सांगत नाही. एवढंच सांगते, की वारस नोंद तलाठ्याकडं होते, रजिस्ट्रार कचेरीत नाही. कोणी रजिस्ट्रार कचेरीत चल म्हणालं तर ‘पोराला ताप आहे, पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचं आणि मला फोन करायचा. हे मला कोणी सांगितलं असतं तर माझी पंधरा गुंठे राहिली असती. दिरांना वाईट म्हणायची गरज नाही. तिचे दीर चांगलेही असतील.

दुसरी ठेच एटीएमची. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी शहाणा म्हणतो, ‘खातं बंद व्हायच्या आत पैसे काढून घे.’ काढायचे नाहीत. मयताचं कार्ड वापरणं चुकीचं आहेच, शिवाय पुढं दावा करताना खात्याचा उतारा निघतो आणि तारखा दिसतात. काउंटरच्या आत बसून मी ते उतारे पाहिलेत. बायका रडायच्या आणि त्यांना काय उत्तर द्यायचं ते आम्हालाही कळायचं नाही. त्यापेक्षा बँकेत जाऊन कळवायचं, नॉमिनी कोण ते विचारायचं.

आणि पासबुक मागा. हे माझं आवडतं काम आहे. चष्मा लावायचा आणि मे-जूनच्या नोंदींवर बोट फिरवत जायचं. कुठं 436 रुपये वजा दिसले, की पंतप्रधान जीवनज्योती विमा. 20 रुपये दिसले, की सुरक्षा विमा, तो अपघाताचा. दोन्ही 2 लाखांचे. जुन्या पासबुकात हेच आकडे 330 आणि 12 असे दिसतील. खातं उघडताना बँकेच्या माणसानं सही घेतलेली असते आणि घरात कोणाला पत्ता नसतो. गेल्या वर्षी एका बाईच्या पासबुकात दोन्ही सापडले. ती म्हणाली, ‘मी तर बँकेला शिव्या घालत होते, दरवर्षी कसले पैसे कापतात म्हणून.’ तुमच्या गल्लीतल्या मुलीचा नवरा अपघातात गेलाय, तेव्हा 20 रुपयांची नोंद नीट शोधा. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल यांच्या प्रती जपून ठेवायला सांगा. मोटार अपघाताच्या दाव्यासाठी वकिलाकडं जायला उशीर करू नका.

तो कंपनीत होता का, पीएफ कापला जायचा का, तेही विचारा. पीएफची शिल्लक मिळते हे सगळ्यांना माहीत असतं. विधवेची आणि मुलांची पेन्शन असते हे निम्म्यांना माहीत असतं. पीएफला जोडून विमा असतो हे फारच थोड्यांना माहीत असतं. त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून जात नाही, मालक भरतो, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर तो दिसतच नाही. आज त्याची कमाल रक्कम 7 लाख आहे. पूर्वी तिन्हींना तीन फॉर्म लागायचे, आता एकाच फॉर्मात तिन्ही दावे करता येतात.

या विम्याचं मला कसं कळलं ते सांगते, कारण तुमच्या ‘कसं बोलू’चं उत्तर त्यातच आहे.

नवरा जाऊन पाच महिने झाले होते. जिल्ह्याच्या गावी पीएफच्या ऑफिसात माझी तिसरी खेप. शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, आणि गिरणीच्या कागदात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं नाव. ही बाई आणि ती बाई एकच कशावरून, असं साहेबांनी विचारलं आणि कागद परत सरकवला. मी बाकावर येऊन बसले. शेजारी एक म्हातारी होती, विटक्या हिरव्या नऊवारीत, मांडीवर पिशवी. माझ्याकडं न बघताच म्हणाली, ‘नावाचं काय न्हाई, कोर्टात जाऊन अॅफिडेव्हिट करायचं. इम्याचा फारम भरलीस का?’

मी म्हटलं, कसला विमा?

‘त्यो येगळा असतोय. मागितल्याबिगर देत न्हाईत.’

मला वाटलं ती येऊन मागून देईल. ती उठली, माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आली, माझ्या मागं उभी राहिली. साहेबांनी वर बघितलं. मी मागं वळून तिच्याकडं बघितलं. आणि ही बाई छताच्या पंख्याकडं बघायला लागली! अगदी तोंड वर करून, पंखा कधी पाहिलाच नाही असं. मग मलाच बोलावं लागलं. काय बोलले आठवत नाही, आवाज फाटला होता. साहेबांनी खालचा खण ओढला आणि फॉर्म काढून दिला.

तेवढंच तिनं केलं. एक वाक्य सांगितलं, मागं उभी राहिली आणि पंखा बघितला.

माझी सगळी पद्धत या पंख्यावर चाललीय. मध्यंतरी मी ती सोडली होती, त्याचं फळही मिळालं. एका बाईचं सगळंच मी केलं. फॉर्म मी भरले, खिडकीवर मी बोलले, तिनं नुसत्या सह्या केल्या. काम झटक्यात झालं, लोकांनी कौतुक केलं. पुढं चार वर्षं ती बाई दर महिन्याला पासबुक घेऊन माझ्या दारात यायची, पैसे काढायची स्लिप भरून द्या म्हणून. तिला लिहिता येत होतं. सातवी झाली होती. मीच तिला ‘तुला जमत नाही’ असं न बोलता शिकवून ठेवलं होतं. आता मी मंगळवारी बरोबर जाते, बाकावर बसते, पिशवीत पेन, गोंद, दोन पासपोर्ट फोटो आणि शेंगदाण्याचा लाडू असतो. खिडकीवर ती जाते. परत आली की काय म्हणाले ते विचारते. चुकीचं ऐकून आली असेल तर पुन्हा पाठवते. माझ्या काउंटरच्या अनुभवानं सांगते, आतल्या माणसालाही बोलणारी बाई आणि तिच्यामागं गप्प बसलेली दुसरी बाई असली की जरा सरळ बसावं लागतं.

दुसरं पत्र: मी एसटीत 29 वर्षं चालक होतो. हातून एकही अपघात नाही, त्याचं बक्षीस मिळालं आहे. भाच्यानं मालाचा टेम्पो घेतला. त्याला चार गोष्टी सांगायला गेलो की म्हणतो, ‘मामा, तुमच्या गाड्या वेगळ्या होत्या.’ ज्या गिअरात घाट चढला त्याच गिअरात उतरायचा, एवढं साधं त्याला पटत नाही. अनुभवाला काही किंमत राहिली नाही का?
— सेवानिवृत्त चालक, खटाव तालुका

भाऊ, मला सायकलसुद्धा धड येत नाही, तेव्हा घाटाचं मी काय सांगू. पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि एक लक्षात आलं. त्यात 29 वर्षं आहेत, बक्षीस आहे, पण तुम्ही एकदाही कुठं घाबरल्याचं नाही. एकही अपघात नाही म्हणजे होता होता राहिलेले पाच-सात तरी असतीलच? ब्रेक लागला नाही तो दिवस, धुक्यात समोरून आलेला ट्रक, झोपेचा एक डुलका. ते भाच्याला कधी सांगितलंत का? बिनअपघाताच्या माणसाकडं बघून पोरगा फक्त कंटाळतो.

आणि एकदा त्याच्या टेम्पोत क्लीनरच्या जागी बसून जा की. कुंभार्ली असो, आंबा असो, जो घाट त्याच्या वाटेवर असेल तो. जाताना त्याला त्याच्या गाडीचं विचारा, माल किती भरतो, टायर किती किलोमीटरला बदलतो, पॉवर स्टेअरिंगची सवय कशी लागते. खरंच माहीत नसेल तेच विचारा, परीक्षा घेऊ नका, पोरांना लगेच कळतं. घाटात काही बोलू नका. खाली चहाला थांबलात आणि ब्रेकचा जळका वास आला, तर तोच नाक वर करेल आणि तुमच्याकडं बघेल. तुम्ही चहा प्या. विचारलं तर सांगा.

तिसरं पत्र: मी बचतगटातल्या बायकांना कर्जाचे आणि बँकेचे व्यवहार समजावून देते. आता रात्री अकराला फोन येतात. कोणी एटीएमचा पिन सांगून ‘तूच काढून आण’ म्हणतं. परवा एकीनं कर्जाला जामीन राहायचा आग्रह केला. नाही म्हटलं तर ‘एवढं केलंस, मग यात काय’ असं. मोडता येत नाही.
— एक वाचक, परभणी जिल्हा

मोडा. जामीन राहायचं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. कर्जदारानं हप्ते थकवले की जामीनदाराकडून तितकीच वसुली करता येते. नोटीस हातात पडेपर्यंत जामीनदाराला वाटतं आपण नुसती साक्षीची सही केली. 26 वर्षांत मी त्या नोटिसांची पाकिटं चिकटवलीत, चेहरे आठवतात.

पिन सांगायला लागली की कानावर हात ठेवा, खरोखर ठेवा, बायका हसतात पण पुढच्या वेळी सांगत नाहीत. ओटीपीचंही तेच. उद्या शंभर रुपये इकडेतिकडे झाले तर तुमची सगळी वर्षं पाण्यात.

रात्रीच्या फोनचं: मी आठनंतर उचलत नाही. पहिल्या महिन्यात रुसवे झाले. ज्या बाईचा नवरा आजच गेलाय तिचा फोन मी कधीही घेते, पण तो माझ्यापर्यंत शेजारणीकडूनच येतो, आणि तो वेगळा असतो हे वाजल्यावरच कळतं. साडीचोळी घेऊ नका. चहा घ्या. चहाला नाही म्हणालात तर त्यांना वाटतं तुम्ही त्यांच्यापेक्षा वर बसलात.

चौथं पत्र: एका ओळखीच्या बाईला मी तिच्या वाईट काळात खूप मदत केली. वकील शोधून दिला, पोरांच्या शाळेसाठी हेलपाटे घातले. आता तिचं बस्तान बसलंय. हल्ली बाजारात मला बघून ती दुसऱ्या गल्लीत वळते. पैसे नकोत मला, पण ओळखसुद्धा देऊ नये? असं असेल तर कशाला कोणाचं करावं?
— एक वाचक, जळगाव

ताई, तुमच्या या प्रश्नावर मी दोन दिवस थांबले होते.

वर ज्या नऊवारीतल्या म्हातारीचं लिहिलं, ती मला नंतर एकदा दिसली होती. 1994 असेल, मी पतपेढीत नुकतीच लागले होते, नवी साडी, हातात पर्स. एसटी स्टँडवर ती शेंगा विकत घेत होती. तीच पिशवी. मी तिला बघितलं आणि पोटात गोळा आला. तो बाक, ती खिडकी, परत सरकवलेला कागद, पाच महिन्यांचं उपाशी डोकं, सगळं त्या पिशवीला चिकटून माझ्याकडं आलं. मी पाठ फिरवली आणि भिंतीवरचं गाड्यांचं वेळापत्रक वाचत उभी राहिले. माझी गाडी कुठली ते मला पाठ होतं, तरी वरून खालपर्यंत वाचलं. वळून बघितलं तर ती गेली होती.

तिचं आडनावसुद्धा मी विचारलं नव्हतं.